स्टँड मिक्सरवर फ्रेंच बगेट: कमी मळा, जास्त वेळ द्या

स्टँड मिक्सर घरी आला की एक चूक हमखास होते. पीठ, पाणी, यीस्ट सगळं एकदम भांड्यात घालायचं आणि गोळा चकचकीत, चिनीमातीसारखा गुळगुळीत होईपर्यंत बारा-पंधरा मिनिटं फिरवत राहायचं. लादीपावाला किंवा दूध-लोणी घातलेल्या मऊ ब्रेडला ते मानवतं. बगेट या लांब, कुरकुरीत कवचाच्या फ्रेंच ब्रेडला नाही. आतल्या लहानमोठ्या छिद्रांची वेडीवाकडी जाळी, फिकट सायीसारखा रंग आणि जिभेवर रेंगाळणारी गव्हाची चव हे बगेटचं सगळं वैभव, आणि जास्त मळलं की तिन्ही जातात. यंत्राने सहा-सात मिनिटं काम करायचं, बाकीचं पीठ आणि वेळ मिळून करतात. या पद्धतीत पीठ संध्याकाळी मळायचं, रात्रभर फ्रिजमध्ये आंबवायचं आणि सकाळी भाजायचं.

फ्रान्समध्ये हा धडा चटके खाऊन शिकावा लागला. १९५०-६०च्या दशकांत तिथल्या बेकऱ्यांत वेगवान मळणीची यंत्रं आली. ब्रेड फुगीर आणि पांढराशुभ्र होऊ लागला, पण त्याची चव गेली. रेमों काल्व्हेल या बेकरी-शिक्षकाने यामागचं कारण सांगितलं: जास्त मळताना पिठात हवेतला ऑक्सिजन शिरतो आणि गव्हातली पिवळसर कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं नष्ट करतो, आणि त्यांच्यासोबत सुवासही जातो. म्हणून मिक्सर चालू असताना घड्याळापेक्षा पिठाचा रंग बघावा. पीठ पांढरं पडायला लागलं असेल तर आधीच उशीर झालाय.

साहित्य

मैदा ४५० ग्रॅम
गव्हाचं चक्कीचं पीठ ५० ग्रॅम
पाणी ३४० ग्रॅम
बारीक मीठ १० ग्रॅम
इन्स्टंट यीस्ट २ ग्रॅम

यात तेल नाही, साखर नाही, दूध नाही. इंटरनेटवर ‘फ्रेंच ब्रेड’ म्हणून तेल-साखर घातलेली जी मऊ लांबट लादी दिसते तो वेगळा प्रकार आहे. फ्रान्समध्ये १९९३च्या सरकारी आदेशानुसार ‘पारंपरिक फ्रेंच ब्रेड’ या नावाने विकायच्या ब्रेडमध्ये गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण एवढंच चालतं. जोडीला अगदी थोडं बाकला घेवड्याचं, सोयाबीनचं किंवा मोड आणलेल्या गव्हाचं पीठ घालायला मुभा आहे. कुठलाही अ‍ॅडिटिव्ह चालत नाही आणि गोळा गोठवताही येत नाही.

मैद्याच्या पाकिटावर प्रथिनांचा आकडा बघा. १०० ग्रॅममध्ये ११ ग्रॅमच्या आसपास असेल तर उत्तम. बगेटसाठी फार ताकदीचं ‘ब्रेड फ्लोअर’ लागत नाही. १३ ग्रॅमच्या पुढचं पीठ घेतलं तर ब्रेड उंच होतो, पण चावताना वातड लागतो. आकडा ९-१० असेल तर पाणी ३२० ग्रॅमपर्यंत खाली आणा, नाहीतर गोळा पसरतो. चक्कीचं पीठ मुद्दाम घातलंय. फ्रान्समध्ये बगेटला वापरतात ते टी-६५ पीठ आपल्या मैद्याइतकं कोंडाविरहित नसतं, आणि हे ५० ग्रॅम ती उणीव बऱ्यापैकी भरून काढतात. वासाला, रंगाला आणि आंबण्याला तिन्हीला उपयोग होतो. चाळून मोठा कोंडा काढून टाका, आणि वजन चाळल्यानंतर करा.

सगळं वजनावर घ्या, पाणीसुद्धा. कपाने मोजलेल्या मैद्यात सहज वीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो आणि तेवढ्यानं गोळ्याची जातच बदलते. दोन ग्रॅम यीस्ट साध्या काट्यावर नीट मोजता येत नाही. सपाट अर्धा चहाचा चमचा म्हणजे साधारण दीड ग्रॅम, त्यावर भरपूर चिमूट घातली की झालं. एप्रिल-मे महिन्यात ती चिमूटही नको.

पाण्याचं तापमान

या भागाला लोक सर्वांत कमी वेळ देतात आणि आपल्याकडे ब्रेड बिघडतो तो बहुतेक इथेच. मळून झाल्यावर गोळ्याचं तापमान २४ अंशांच्या आसपास हवं. २८-३० झालं तर यीस्ट धावत सुटतं, गोळा फुगतो पण चव तयार व्हायला वेळच मिळत नाही, आणि फ्रिजमध्ये टाकल्यावरही तो तासभर तसाच धावत राहतो.

हिशोब असा: २४ गुणिले ३ म्हणजे ७२. त्यातून पिठाचं तापमान, खोलीचं तापमान आणि मिक्सरच्या घर्षणाने वाढणारे अंश वजा करा. जे उरेल ते पाण्याचं तापमान. घर्षणाचे सुरुवातीला ६ अंश धरा. पुण्यात जानेवारीत पीठ २० आणि खोली २० असेल तर ७२ वजा ४६, म्हणजे पाणी २६ अंशांचं. मुंबईत मे महिन्यात पीठ ३१, खोली ३२ असेल तर उत्तर येतं ३. मग बर्फ लागतोच. बर्फ पाण्याच्याच वजनात धरायचा: ३४० ग्रॅममध्ये बर्फ आणि पाणी दोन्ही, आणि मिसळण्याआधी बर्फ विरघळू द्यायचा. पीठही आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवलं तर काम निम्मं हलकं होतं.

मळून झाल्यावर गोळ्यात थर्मामीटर खुपसून बघा. २७ आलं तर तुमच्या मिक्सरचं घर्षण ६ नसून १५ धरायला हवं: २७ गुणिले ३ म्हणजे ८१, त्यातून पीठ, खोली आणि पाणी यांच्या तापमानांची बेरीज ६६ वजा. आकडा मिक्सरवर चिकटवून ठेवा, पुढच्या वेळी तोच वापरा.

पीठ भिजवून ठेवणं

भांड्यात आधी ३२० ग्रॅम पाणी, वर दोन्ही पिठं. मिक्सरला पीठ मळायचा हूक लावून सर्वांत कमी वेगावर दोन मिनिटं. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. हूक तळाला टेकत नाही, त्यामुळे तळाशी कोरड्या पिठाची चकती राहते. मिक्सर थांबवून कालथ्याने ती खरवडून वर आणा आणि आणखी अर्धा मिनिट फिरवा. झाकण ठेवून अर्धा तास विसरून जा. उन्हाळ्यात हा अर्धा तास भांडं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर बर्फाच्या पाण्याची सगळी मेहनत वाया जाते.

पोळ्यांची कणीक भिजवून झाकून ठेवतो त्याच तत्त्वावर हे चालतं. पाणी मिळालं की पिठातली प्रथिनं आपणहून एकमेकांना धरू लागतात, आणि पिठातले एन्झाइम त्यांना थोडं सैलही करतात. गोळा लवचीक होतो आणि मळणीचा वेळ खूप कमी होतो. या टप्प्याला ‘ऑटोलीझ’ म्हणतात, आणि १९७४मध्ये ते रूढ केलं ते काल्व्हेल यांनीच. मीठ यात मुद्दाम नसतं, कारण त्याने गोळा आवळला जातो.

मळणी

यीस्ट आणि मीठ गोळ्यावर पसरून भुरभुरा, १० ग्रॅम पाणी शिंपडा. सर्वांत कमी वेगावर तीन मिनिटं, मग दुसऱ्या वेगावर तीन ते चार मिनिटं. दुसऱ्याच्या पुढे जाऊ नका. घरगुती स्टँड मिक्सरची मोटर आणि गिअर हे त्याहून वेगात कणीक ओढायला बनवलेले नसतात. बहुतेक कंपन्या आपल्या माहितीपुस्तिकेत यीस्टच्या पिठासाठी वेगाची मर्यादा सांगतात, ती एकदा वाचून घ्या.

शेवटच्या मिनिटात गोळा बघा. भांड्याच्या कडा सोडत असेल पण तळाला थोडा चिकटत असेल तर पाणी बरोबर आहे. तळही पूर्ण सुटला आणि गोळा हुकावर आपटत फिरतोय, तर उरलेलं १० ग्रॅम पाणी थेंबाथेंबाने घाला. कडेला माखत, पातळ चिखलासारखा होतोय, तर पीठ वाढवू नका. उरलेलं पाणी घालायचं नाही, एवढंच. ओलेपणा घड्या घालताना बराच आटोक्यात येतो.

चिमटीएवढा गोळा घेऊन बोटांवर ताणा. लुंगीच्या कापडासारखा जाडसर, ढगाळ पडदा तयार होऊन मग फाटला तर मळणी पुरेशी झाली. पलीकडचं अक्षर दिसेल इतका पातळ पडदा इथे नको. गोळा अजून थोडा ओबडधोबडच असतो आणि तसाच असायला हवा.

मिक्सरचे काही त्रास नेहमीचे आहेत. गोळा हुकावर चढून वरच्या दांड्याला वेढा घालतो. इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या हुकाला ही खोड जास्त असते, स्क्रूसारखा पिळदार हूक गोळा खाली दाबत राहतो. चढला की मिक्सर बंद करून ओल्या हाताने खाली ओढा. चालू असताना हात किंवा कालथा आत घालू नका. अर्ध्या मापाचा गोळा करायचा मोहही टाळा: साडेचार-पाच लिटरच्या भांड्यात २५० ग्रॅम पीठ घेतलं तर हूक त्याला नुसता गोल ढकलत राहतो, मळला काहीच जात नाही. तेवढं हातानेच मळलेलं बरं. मिक्सर ओट्यावर सरकतो, तेव्हा तो सोडून दुसऱ्या खोलीत जाऊ नका. मिक्सरचं डोकं गरम लागलं किंवा जळका वास आला तर थांबवून गार होऊ द्या.

घड्या आणि रात्रभराचं आंबणं

सरळ कडांच्या डब्याला तेलाचं बोट फिरवा, गोळा त्यात ठेवा. पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी, असं तीनदा, ओल्या हाताने गोळ्याची एक कड वर ओढायची आणि मध्यावर दुमडायची. चारही बाजूंनी एकेकदा. आपण यंत्राकडून न करून घेतलेली मळणी इथे पूर्ण होते, तीही पिठाचा रंग न उडवता. पहिल्या घडीला गोळा ढिला, तिसऱ्या घडीला तो स्वतःचा आकार धरून बसतो. हा फरक हाताला स्पष्ट जाणवतो.

खोली २४-२५ अंशांची असेल तर तिसऱ्या घडीनंतर आणखी अर्धा तास बाहेर ठेवा. एक तृतीयांश वाढला की फ्रिजमध्ये. ३०च्या वरच्या खोलीत घड्या पंधरा-पंधरा मिनिटांनी घालून पाऊण तासातच आत ठेवा. जागा फ्रिजच्या मागच्या बाजूला, खालच्या कप्प्यात. दारातला कप्पा दर वेळी दार उघडलं की तापतो. पसरट डबा उंच डब्यापेक्षा लवकर गार होतो. बारा ते सोळा तास पुरेत, चोवीसपर्यंत चालतं.

सकाळी गोळा दुपटीच्या थोडा अलीकडे, वर फुगीर, कडेला बुडबुडे दिसणारा असावा. मधोमध खचलेला आणि दारूसारखा वास येणारा असेल तर तो जास्त आंबला. त्याचा ब्रेड होईल, पण यीस्टने साखर खाऊन टाकल्यामुळे कवच फिकट राहील. पुढच्या वेळी यीस्ट अर्धा ग्रॅम कमी करा.

आकार देणं

खरा बगेट साधारण ५५ ते ६५ सेंटिमीटर लांब आणि भाजल्यावर २५० ग्रॅमच्या आसपास असतो. घरच्या ओव्हनमध्ये तो मावत नाही. आपल्या ८५० ग्रॅमचे चार भाग करा, प्रत्येकी सुमारे २१० ग्रॅम, लांबी ३० ते ३२ सेंटिमीटर. ओव्हन आतून त्याहून अरुंद असेल तर त्याच्या रुंदीपेक्षा तीन-चार सेंटिमीटर कमी लांबी धरा. एका वेळी दोनच मावत असतील तर निम्मा गोळा पाऊण तास उशिरा फ्रिजमधून काढा.

ओट्यावर थोडीशी पिठी भुरभुरून गोळा उलटा सोडा, स्क्रॅपरने कापा. ओढून तोडू नका. प्रत्येक तुकड्याची सैल वळकटी करून झाकून ठेवा, अर्धा तास, थंडीत पाऊण तास. हा आराम दिला नाही तर लाटताना तुकडा रबरासारखा मागे येतो. येतच असेल तर जबरदस्ती न करता दहा मिनिटं थांबा.

आता तुकडा हलक्या हाताने थापून आयत करा, लांब बाजू स्वतःकडे. मोठे फुगे तेवढे फोडा, बाकीची हवा राहू द्या. वरची कड मध्यापर्यंत दुमडून तळहाताच्या टाचेने दाबा. आयत फिरवून दुसरी कड तशीच. मग अंगठा मध्ये धरून पूर्ण अर्ध्यात दुमडा आणि शिवण टाचेने ठोकत बंद करा. करंजीची कड बंद करतो तितकी ही शिवण पक्की हवी, नाहीतर ओव्हनमध्ये ब्रेड भाजण्याआधी ब्लेडने दिलेल्या चिरेऐवजी तिथून फाटतो. शेवटी दोन्ही तळहात मध्यावर ठेवून बाहेरच्या दिशेने लाटत लांबी वाढवा. या वेळी ओट्यावर पिठी जवळजवळ नकोच, पिठीवर तुकडा लाटला न जाता नुसता घसरतो. दुमडताना आत गेलेली पिठी पुढे जाळीत पांढऱ्या रेघा होऊन दिसते.

फ्रेंच बेकर हे तुकडे जाड लिननच्या कापडात ठेवतात. आपल्याकडे न धुवलेलं मांजरपाट उत्तम काम देतं. त्याला तांदळाची पिठी आणि मैदा निम्मे-निम्मे चोळा. तांदळाची पिठी ओल धरत नाही म्हणून चिकटत नाही. कापडाच्या चुण्या करून दोन चुण्यांमध्ये एकेक तुकडा, शिवण वर. वरून कापड झाका, उघडं राहिलं तर वर साय धरते आणि मग चीर नीट उघडत नाही.

२६-२८ अंशांना पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं. बोट हलकं दाबून बघा. खळगा झटकन भरला तर थांबा, हळूहळू येऊन थोडी खूण राहिली तर भाजायला घ्या. खूण तशीच राहिली तर वेळ निघून गेली. शंका असेल तेव्हा थोडं आधीच भाजा. किंचित कमी फुगलेला बगेट ओव्हनमध्ये उसळी मारतो, जास्त फुगलेला चीर देताच बसतो.

ओव्हन आणि वाफ

ओव्हन २४० ते २५० अंशांवर किमान चाळीस मिनिटं तापवा. ओटीजीचा (ओट्यावर ठेवायच्या छोट्या विजेच्या ओव्हनचा) दिवा लवकर विझतो, पण तो हवेचं तापमान सांगतो, आतल्या धातूचं नाही. मधल्या जाळीवर जाड तळ ठेवा: पिझ्झा स्टोन, बिडाचा सपाट तवा किंवा फॅब्रिकेटरकडून कापून आणलेली ६ मिलिमीटर जाडीची साधी पोलादी प्लेट. प्लेटभोवती हवा फिरायला जागा सोडा, आणि तिचं चार-पाच किलो वजन जाळीला पेलतं का तेही बघा. पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेवर खालून झटका मिळत नाही आणि ब्रेड उसळण्याऐवजी पसरतो.

वाफेशिवाय बगेट होत नाही. पहिल्या दहा मिनिटांत पृष्ठभाग ओला राहिला तरच तो ताणला जातो, चीर उघडते आणि वरचा स्टार्च शिजून कवचाला झिलई येते. कोरड्या ओव्हनमध्ये कवच आधी घट्ट होतं, आतली वाफ मिळेल तिथून फोडून बाहेर पडते.

मोठ्या, बंद रॉडच्या ओव्हनमध्ये तळाशी लोखंडी कढई तापवून त्यात १०० ते १५० मिलिलिटर उकळतं पाणी ओततात. दाराच्या काचेवर आधी कोरडा टॉवेल टाका, तापल्या काचेवर थेंब पडला तर ती तडकते. ओतताना लांब बाहीचे हातमोजे हवेत. ओटीजीमध्ये मात्र हे करू नका. तिथे खालचे रॉड उघडे असतात आणि दार हवाबंद नसतं, त्यामुळे पाणी रॉडवर जाण्याचा धोका आहे आणि वाफही टिकत नाही. ओटीजीत खोल स्टीलचा ट्रे ब्रेडवर पालथा घाला. ब्रेडच्याच ओलाव्याची वाफ आत कोंडते आणि छान काम करते. ट्रेच्या आत आधी पाण्याचे चार शिंतोडे मारा. पंखा असेल तर पहिली दहा मिनिटं बंद.

तुकडा पातळ फळीवर उलटवून बेकिंग पेपरवर घ्या, शिवण आता खाली. चीर देण्यासाठी नवं दाढीचं ब्लेड लागतं, सुरी ओढते. ब्लेड उभं नको, पृष्ठभागाशी साधारण ३० अंशांनी तिरकं धरा. चिरा आडव्या नसून जवळजवळ लांबीच्या दिशेनेच जातात: ३० सेंटिमीटरला तीन, अर्धा सेंटिमीटर खोल, प्रत्येक चीर आधीच्या चिरेवर एक तृतीयांश चढलेली. तिरक्या चिरेमुळे एक पातळ पदर सुटतो, तोच भाजताना वर उचलला जाऊन कुरकुरीत कड होतो. हात एका झटक्यात फिरवा. गोळा फार मऊ वाटला तर चीर देण्याआधी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

पेपरसकट तापल्या तळावर सरकवा, ओटीजीत झाकण म्हणून ट्रे पालथा घाला. दहा ते बारा मिनिटांनी झाकण आणि पेपर काढा, आणखी दहा ते बारा मिनिटं. सोनेरी झाला की काढायची घाई करू नका. चांगला बगेट खरपूस तांबूस-तपकिरी असतो, चिरांच्या कडा जवळजवळ काळपट. ब्रुन पावाच्या कवचाची ज्यांना सवय आहे त्यांना हा रंग ओळखीचा वाटेल. आतलं तापमान ९६ ते ९८ अंश, तळाला टकटक केल्यावर पोकळ आवाज. वजनही बघा: २१० ग्रॅमचा तुकडा १७० ग्रॅमच्या आत आला असेल तर नीट भाजला. शेवटची तीन मिनिटं दार किंचित उघडं ठेवलं की कवच कोरडं होतं. दुसऱ्या खेपेआधी प्लेटला पंधरा मिनिटं पुन्हा तापू द्या.

जाळीवर अर्धा तास गार होऊ द्या. कवचाला बारीक तडे जाताना चरचर आवाज येतो. गरम कापला तर आत चिकट लगदा लागतो, कारण स्टार्च अजून बसलेला नसतो.

जाळी घट्ट आली तर बहुधा आंबणं कमी पडलं, किंवा आकार देताना हवा सगळी निघाली. जाळी एकसारखी, कापसासारखी बारीक आणि पांढरी आली तर मळणी जास्त झाली. कवच जाड आणि चामट असेल तर ओव्हन कमी तापला होता आणि ब्रेड जास्त वेळ आत राहिला. चव बेचव वाटली तर मीठ विसरलं का ते बघा. मीठ विसरल्याची खूण मळतानाच दिसते: गोळा विचित्र चिकट राहतो आणि पुढे भराभर फुगतो.

बगेट त्याच दिवशी खायचा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात कवच दोन-तीन तासांत मऊ पडतं. २०० अंशांवर पाच मिनिटं ठेवलं की परत कुरकुरतं. उरलेला फ्रिजमध्ये ठेवू नका, त्या तापमानाला ब्रेड बाहेरपेक्षा लवकर शिळा होतो. पूर्ण गार झाल्यावर घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका, आणि खायच्या वेळी तसाच गोठलेला, पाण्याचा हात फिरवून, २०० अंशांवर आठ-दहा मिनिटं.